इतिहासाच्या पहिल्या प्रकरणातील काही शब्द

गतवर्षीच्या सहामाही परीक्षेत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते : "आदिमानव रानटी होता. पुढे तो शेती करू लागला व सुसंस्कृत झाला." उत्तर पाठ केलेले होते हे उघड आहे, आणि ते आम्हीच फळ्यावर लिहून दिलेल्या टिपणावरून पाठ केले होते, हेही कबूल केले पाहिजे. उत्तरपत्रिका परत दिल्यावर तीच मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, आमचे आजोबा कुमेरी करायचे. मग ते कोणत्या युगातले?"

वर्ग हसला. आम्हांला मात्र चटकन उत्तर सुचेना.

डोंगरउतारावरील रान तोडावयाचे, वाळवून जाळावयाचे, त्या राखेत नाचणी किंवा वरी पेरावयाची आणि दोन-तीन वर्षांनी जमीन थकली की दुसरा उतार धरावयाचा, या शेतीला आमच्या गोव्यात कुमेरी म्हणतात. पुस्तकी भाषेत ती 'फिरती शेती' होय, व तिचा उल्लेख बहुधा नवाश्मयुगाच्या वर्णनात येतो. तेव्हा मुलीचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी या प्रकरणातील शब्दच उकलून पाहावे लागतात.

'अश्म' म्हणजे दगड. पुराश्म, मध्याश्म, नवाश्म म्हणजे जुना, मधला व नवा दगड. त्यापलीकडे या भारदस्त शब्दांत भिण्यासारखे काही नाही. ही युगे प्रथम मांडली गेली ती एका वस्तुसंग्रहालयात. कोपनहेगन येथील संग्रहालयाचे थॉमसन यांच्यापुढे जुन्या वस्तूंचा ढीग होता; त्यांनी दगडी, काशाच्या व लोखंडी अशा वस्तू निराळ्या काढल्या आणि १८३६ मध्ये ही विभागणी प्रसिद्ध झाली. पुढे १८६५ मध्ये लबक यांनी दगडाच्याच युगाचे दोन भाग केले : छिलके काढून केलेल्या हत्यारांचे जुने युग व घासून गुळगुळीत केलेल्या हत्यारांचे नवे. आपल्या देशात मद्रासजवळ पल्लावरम येथे ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये पुराश्मयुगातील पहिली दगडी कुऱ्हाड सापडली. म्हणजे 'युग' हे नाव मुळात हत्याराच्या द्रव्याचे आहे, ते हाती धरणाऱ्याच्या बुद्धीचे नव्हे. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे येथे शेती न जाणणाऱ्या माणसांनी इसवी सनापूर्वी सुमारे ९५०० च्या सुमारास पाच-पाच मीटर उंचीचे कोरीव दगडी खांब उभे केले. त्यांना 'रानटी' म्हणण्यास आमची तरी जीभ रेटत नाही. त्यांना 'अन्नसंग्राहक' म्हणावे. शिकार व कंदमुळे यांवर ते जगत, एवढेच तो शब्द सांगतो.

आता हे कळते कसे? येथे मराठीचा एक घरगुती शब्द फार उपयोगी पडतो. देशावरचा शेतकरी शेतजमिनीला 'काळी' व गावाच्या वस्तीला 'पांढरी' म्हणतो. घरे पडतात, त्यांवर नवी उभी राहतात; भिंतींची माती, चुलीतील राख, केर यांचे थर साचून ती जमीन पांढुरकी होते व उंचही होते. पुष्कळ ठिकाणी शेतकरी ही पांढरीची माती खत म्हणून शेतात नेऊन टाकतात. पुरातत्त्वज्ञ उत्खननासाठी अशीच टेकाडे शोधीत असतात, आणि ज्याला ते 'स्तर' म्हणतात तो हा थरच. खालचा थर जुना, वरचा नवा. मात्र मध्येच कोणी खड्डा खणला असेल किंवा उंदरांनी बिळे केली असतील तर फसगत होते. थरातील कोळसा किंवा जळके धान्य सापडल्यास कर्ब-१४ पद्धतीने त्याचे वय काढता येते. जीव मेल्यावर त्यातील हा कर्ब सुमारे ५७३० वर्षांत निम्मा होतो. ही रीत लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केली.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत असे टेकाड खणले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तेथे वस्ती होती. तांबे मिळे, पण थोडे. म्हणून दगडी पातीही चालूच होती. अशा जोड-अवस्थेला 'ताम्रपाषाण' म्हणतात. तेथील लोक बार्ली पिकवीत, पाटाने पाणी आणीत. मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे जोडून त्यांत घालीत व घरातच जमिनीखाली पुरीत. प्रौढांना खड्ड्यात पुरताना पाय घोट्यांखाली तोडीत. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला आढळला आणि त्याचे पाय शाबूत होते. शिवाय पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याच्या शेजारी धान्याचे कोठार निघाले. यांवरून गावाला कोणी 'प्रमुख' होता असे संशोधक म्हणतात. विद्यार्थ्यांनी येथे दोन शब्द वेगळे ठेवावेत : रांजण व कोठार हा 'पुरावा', प्रमुख हे 'अनुमान'. उत्तरपत्रिकांत या दोहोंची खिचडी फार होते.

मग इनामगाव ही संस्कृती की नव्हे? या ठिकाणी आपली भाषाच आपल्याला अडचणीत टाकते. इंग्रजीत 'कल्चर' व 'सिव्हिलायझेशन' असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंना आपण 'संस्कृती' म्हणतो. हिंदी पुस्तकात 'सिंधु घाटी की सभ्यता' असते. पण मराठीत 'सभ्यता' म्हणजे चारचौघांत वागण्याची रीत! आमच्या मते दुसऱ्या अर्थी 'नागरी संस्कृती' म्हणावे, कारण 'नागर' हा शब्द नगरातूनच आला आहे. नगर, साठवलेले जादा धान्य, शेती न करता त्यावर जगणारे कारागीर, सार्वजनिक बांधकामे, लेखन अशी तिची लक्षणे गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० मध्ये मांडली. हडप्पा (उत्खनन १९२१) व मोहेंजोदडो (१९२२) येथे ती दिसतात : १:२:४ या प्रमाणाच्या विटा, गटारे, ठराविक वजने. इनामगावात कोठार होते, पाट होता. नगर नव्हते, लेखन नव्हते. ती ग्रामसंस्कृती. संस्कृती नाही असा मानवसमाज कोठेच नाही.

लेखनाचा जन्म काव्यासाठी झाला असावा, असे आम्हां कलाशाखेच्या पदवीधरांना वाटत असते. पण इराकमधील उरुक येथील इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर बहुतेक धान्य, मेंढ्या व मद्य यांचे हिशेब आहेत! लेखनापूर्वीचा काळ तो 'इतिहासपूर्व'. सिंधू लोकांची लिपी आहे, पण ती अद्याप कोणास वाचता आलेली नाही. अशा मधल्या काळास 'आद्य इतिहास' म्हणतात. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे १९९३ मध्ये जांभ्या दगडावरील कोरीव चित्रे उजेडात आली. त्यांत बैल आहेत, हरणे आहेत, एकात एक फिरणारी वर्तुळे आहेत. अक्षर एकही नाही. ती केव्हाची, याविषयी मतभेद आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावरचे जुने टिपण पुसले व ते उत्तर सर्वांना पुन्हा लिहावयास सांगितले. त्या मुलीने आदिमानवाविषयी चार ओळी लिहिल्या, 'रानटी' शब्द गाळला आणि खाली, न विचारता, आणखी एक ओळ घातली : "आमचे आजोबा लोखंडी कोयता वापरीत. ते विसाव्या शतकातले."