मालिशचं तेल आणि एचआयव्ही

मुंबईत एचआयव्हीचा विषय निघाला की डोळ्यांसमोर कामाठीपुराच येतो. शरीर विकते ती बाई, विकत घेतो तो पुरुष, एवढंच आपल्याला ठाऊक. पण याच शहरात पैशासाठी शरीरसंबंध ठेवणारे पुरुषही आहेत. त्यांची वेगळी वस्ती नाही. काही जण मालिशच्या निमित्ताने गिऱ्हाईक गाठतात, काही स्टेशनच्या आसपास, आणि पुष्कळांच्या भेटी आता मोबाइलवरच ठरतात. त्यामुळे त्यांच्याविषयी माहिती कमी आणि समज भरपूर.

‘हा त्यांचा आपापसातला मामला’ हा त्यातला सगळ्यात सोयीचा समज. या कामातल्या अनेकांना बायको-मुलं असतात. पोटासाठी ते हे करतात आणि स्वतःला समलिंगी म्हणवतही नाहीत. गिऱ्हाइकांतही संसारी पुरुष असतात. घरात कुणाला पत्ता नसतो. लागण झाल्याचं कधीकधी बायकोच्या गरोदरपणातल्या रक्ततपासणीतच उघडकीला येतं.

‘हेच लोक रोग पसरवतात’ असंही म्हटलं जातं. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते २०२१च्या सरकारी पाहणीत तीन टक्क्यांहून थोडं अधिक आढळलं. फरक मोठा आहे, पण त्याचं कारण चारित्र्यात शोधणं व्यर्थ. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, सहज चिरतं. बाधित जोडीदाराशी या मार्गाने निरोधाविना संबंध आला, तर हा संबंध स्वीकारणाऱ्याला दर दहा हजार वेळांमागे सुमारे १३८ वेळा लागण होऊ शकते. योनिमार्गाच्या संबंधात स्त्रीसाठी हाच आकडा ८च्या आसपास आहे. त्यात ‘निरोध नको, जास्त पैसे देतो’ म्हणणारं गिऱ्हाईक भेटलं आणि खोलीचं भाडं थकलेलं असलं, की नकार द्यायची ताकद कुणाकडे उरते? विषाणू त्या गिऱ्हाइकाकडूनही आलेला असू शकतो. बोट मात्र पैसे घेणाऱ्याकडे दाखवलं जातं.

‘निरोध वापरला की झालं’ हेही अर्धंच खरं. मालिशवाल्याच्या हाताशी तेल असतंच. खोबरेल असो, बेबी ऑइल असो की व्हॅसलीन, तेलकट पदार्थाने निरोधाचं रबर काही मिनिटांत कमजोर होतं आणि तो फाटतो. पाण्यावर आधारलेलं वंगण वापरायला हवं. म्हणूनच या समाजात काम करणाऱ्या संस्था निरोधासोबत वंगणही देतात. भिंतींवरच्या एड्सविषयीच्या घोषणांत मात्र ही गोष्ट माझ्या तरी कधी वाचनात आली नाही.

‘पकडून सगळ्यांची तपासणी करा’ ही सूचना अधूनमधून ऐकू येते. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. धाकाने माणसं तपासणी केंद्रापासून लांब पळतात. तसंच, पोलिसांनी झडतीत सापडलेला निरोधच पुरावा मानला, तर खिशात तो ठेवणार कोण? निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बजावलं, ते यासाठीच.

‘लागण झाली म्हणजे संपलं’ हा समज आता पार जुना झाला. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रांत २००४पासून औषधं मोफत मिळतात, आणि २०१७पासून लागण दिसताच उपचार सुरू करायचं धोरण आहे. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. युरोपातल्या ‘पार्टनर-२’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. त्यात ७८२ पुरुष जोडप्यांनी मिळून सुमारे ७६ हजार वेळा निरोधाविना संबंध ठेवले. औषधं घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही.

आणि निरोध फाटलाच, तर लागण टाळण्यासाठी पीईपी नावाचा औषधोपचार असतो. पहिली गोळी जितकी लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांच्या आत. पुढे २८ दिवस रोज. कुठे जायचं हे सुचत नसेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.