अज्ञान, सज्ञान आणि सही

१९८७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. एका दुपारी पटका बांधलेले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या मागे हातभर हिरव्या बांगड्या घातलेली, पदर सावरणारी एक मुलगी. गृहस्थांनी पिशवीतून मुदत ठेवीची पावती काढली. मुलीचे वडील अपघातात गेले होते. भरपाईतला तिचा वाटा, बारा हजार रुपये, न्यायाधिकरणाच्या हुकमाने ती सज्ञान होईपर्यंत आमच्याकडे ठेवलेला होता.

“मोडायची हाय, सायेब,” गृहस्थ म्हणाले. ते तिचे सासरे होते.

मी शाळेचा दाखला पाहिला. वय पंधरा. अजून तीन वर्षे थांबावे लागेल, कायद्याने मुलगी अज्ञान आहे, असे मी सांगितले. सासऱ्यांना हसू आले.

“अज्ञान? आवो, सहा महिने माझ्या लेकासंगं कोयत्यावर जाऊन आली ती. पहाटं तीनला उठून भाकरी थापती, मोळ्या बांधती, डोक्यावर घिऊन गाडी भरती. आन् तुमच्या लेखी ती लहान?”

मी सत्तावीस वर्षांचा होतो. माझ्याजवळ उत्तर नव्हते, नियम होता. तो मी दाखवला आणि ते निघून गेले.

१९९० साली ती पुन्हा आली. कडेवर मूल, बरोबर सासरे. आता अठरा पूर्ण होती. तिने पावतीच्या मागे अक्षराला अक्षर जोडत सही केली. रोखपालाने नोटा मोजल्या. सासऱ्यांनी हात पुढे केला. रोखपालाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. कागदोपत्री सारे चोख होते. मी समाधानाने पुढच्या कामाला लागलो.

ते समाधान मला आजही टोचते. त्या सासऱ्यांचा प्रश्न मात्र खरा होता. माणूस मोठा झाला, असे कधी म्हणायचे? कामाला लागला की? लग्न झाले की? की वयाचा दाखला म्हणेल तेव्हा?

आपल्या भाषेने यासाठी फार जबाबदारीचे शब्द निवडले आहेत. अठराच्या आत ‘अज्ञान’, नंतर ‘सज्ञान’. जणू वाढदिवसाच्या पहाटे ज्ञानाची वीज पडते! सातबारावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो. अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे आईचे किंवा काकाचे नाव. मूल मोठे झाले की तलाठ्याकडे अर्ज करून हा शेरा काढून घ्यायचा असतो. खेड्यात हे कुणाच्या ध्यानात राहते? पीककर्जासाठी आलेले, मिशा पिकलेले कितीतरी ‘अज्ञान’ मी पाहिले. एकाची तर पालनकर्ती आई वारून दहा वर्षे झाली होती. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला द्यायला आलेला तो बाप सरकारदप्तरी अजून आईच्या पदराआडच होता.

हसण्याचा भाग सोडा. बँकेला या शेऱ्याची भीती वाटते, त्याला कारण आहे. बँकेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला धर्मदास घोषचा खटला पाठ असतो. कलकत्त्याच्या या अज्ञान मुलाने १८९५ साली घरे गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज काढले. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. कायद्याचा हेतू त्यात स्वच्छ दिसतो. वयाची अट म्हणजे मुलाच्या अकलेची परीक्षा नव्हे. मोठ्यांच्या हावेपासून त्याला राखणारे ते कुंपण आहे.

हे कुंपण कुठे घालायचे, यावर महाराष्ट्रात पूर्वी रण माजले होते. १८७५ च्या कायद्याने व्यवहारासाठी अठरा वर्षे ठरली. लग्नाच्या बाबतीत मात्र समाज जागचा हलेना. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहावरून बारा केले. अवघी दोन वर्षे! तरी टिळक विरोधात उभे राहिले. आगरकर, भांडारकर बाजूने. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पंधरा. १९७८ साली ते मुलींना अठरा आणि मुलांना एकवीस झाले. पुढे १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. मुलीच्या लग्नाचे वयही एकवीस करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपताच बारगळले.

म्हणजे कागदावरचे कुंपण हळूहळू उंच होत गेले. आमच्या जिल्ह्यात त्याचे काय झाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचा आकडा सुमारे बावीस टक्के. महाराष्ट्रात आमचा जिल्हा यात पहिला आला. शेती विद्यापीठाचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या आम्हां परभणीकरांना हा पहिला नंबर झोप उडवणारा वाटायला हवा.

यामागे नुसती जुनी रूढी आहे असे समजू नका. हिशेबही आहे. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे हत्यारच नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराचा अर्धा कोयता. तेव्हा लग्न झाले की कोयता पुरा होतो. दुसरीकडे मुलीचे आईबाप दिवाळीनंतर तोडीला निघाले, की चौदा वर्षांची लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर उसाच्या फडातल्या पालात दाराला कडी नाही. मागे ठेवावी तर म्हातारी आजी आणि रिकामी गल्ली. वस्तीजवळ शाळा सातवीपर्यंतच असेल तर संपलेच. त्या आईबापांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी मी काय केले असते, हे मला छातीठोक सांगता येत नाही.

पण यात एक मोठी लबाडी आहे, आणि ती फक्त गरिबांची नाही. आपण मुलीवर कामे टाकताना तिला मोठी म्हणतो आणि निर्णय घेताना लहान. चूल, जनावरे, धाकटी भावंडे, पुढे बाळंतपण, या सगळ्याला ती मोठी. शाळा सोडायची की नाही, लग्न कुणाशी, पैसे कुणाच्या हातात, इथे आला की “तिला काय कळतंय?” कायदाही यातून सुटलेला नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक कोण, तर तिचा नवरा! आणि आईचे काय? त्याच कायद्यात बापानंतर आईचा नंबर होता. गीता हरिहरन या कादंबरीलेखिकेने रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवर मुलाची पालक म्हणून सही केली, ती चालेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ साली निकाल लागला, की बाप हयात असतानाही मुलाचा भार प्रत्यक्षात आईकडे असेल तर तिला पालक मानता येईल. तोवर मीही कितीतरी आयांना सांगितले होते, “मुलाच्या वडिलांना घेऊन या.” चाळिशीतल्या त्या बायका माझ्या टेबलापाशी अज्ञानच ठरत होत्या.

म्हणून मला वाटते, मोठेपणाची खूण कष्टात शोधू नये, ‘नाही’ म्हणण्यात शोधावी. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८७ साली कोर्टाने फर्मावले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे त्या म्हणाल्या. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. अकराव्या वर्षी कुणी विचारले नव्हते. मोठेपणी त्यांनी कुणी विचारायची वाट पाहिली नाही.

असे बळ एका रात्रीत येत नाही. ते हप्त्याहप्त्याने भरावे लागते. रिझर्व्ह बँकेला हे उमगले आहे. दहा वर्षांच्या पुढची मुले स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू शकतात. रक्कम लहान, मर्यादा बँकेची, पण सही मुलाची. घरातही असेच करता येईल. दहाव्या वर्षी स्वतःचे चार पैसे सांभाळू द्यावेत, चौदाव्या वर्षी शिक्षणाच्या निर्णयात मत विचारावे, सोळाव्या वर्षी घरचे कर्ज आणि पिकाचा हिशेब समोर मांडावा. अठराचे कुंपण तोवर शाबूत ठेवावे आणि अठरानंतर ते आपल्या हाताने काढावे. कित्येक घरांत तिशीतला मुलगाही बापाला विचारल्याशिवाय बी-बियाणे घेऊ शकत नाही, हेही तितकेच वाईट.

ज्यांचे कुंपण आधीच मोडले गेले त्यांच्यासाठी वाट बंद नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अशा मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. लग्न ठरतानाच कळले तर गावात ग्रामसेवकाला किंवा १०९८ या क्रमांकावर कळवता येते. पण तिला हे कुणी सांगितलेले असते का?

२०१९ मध्ये, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, परभणीच्या बसस्थानकावर एका बाईंनी मला हाक मारली. केसांत रुपेरी बटा, बरोबर शाळेच्या गणवेशातली नात. ओळख पटायला वेळ लागला. त्या बारा हजारांचे काय झाले, मी विचारले. दिराला गाडी घेतली, त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता.

“तेव्हा मी तुम्हाला विचारले असते, पैसे कुणाच्या हातात देऊ, तर काय म्हणाला असता?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काय म्हणले असते, ठावं न्हाई, सायेब. सासऱ्याच्याच हातात द्या म्हणले असते कदाचित. पर तुमी इचारायचं तरी व्हतं.”

त्यांची गाडी लागली. नातीचे दप्तर खांद्यावर घेऊन त्या चढल्या. मी तिथेच उभा राहिलो.