झाडे मोजली, जाती राहिल्या

पेठ वडगावच्या भोवताली ऊस. बांधावर बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा आणि वारणेच्या काठाला उंबर-करंज. इथला पाऊस बेताचा. साठ-सत्तर किलोमीटरवर गगनबावडा, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा, कुंभा यांचे दाट रान सुरू होते. एकाच जिल्ह्यात एवढा फरक पडतो, मग विषुववृत्ताकडची आणि थंड देशांतली जंगले यांत किती पडत असेल? या प्रश्नामागे माणसे दीडशे-दोनशे वर्षे लागली आहेत.

आपल्याकडची सुरुवात याद्यांनी झाली. डाल्झेल आणि गिब्सन यांची ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 ची. त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1908 साली पुरा केला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा स्वतंत्र ग्रंथ यायला 2002 साल उजाडले. शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचे ते काम. घाटात पायपीट करून केलेल्या या नोंदींचे मोल मला कुठल्याही उपग्रहाच्या चित्रापेक्षा मोठे वाटते.

यादी जात सांगते, एका तुकड्यात किती जाती शेजारी-शेजारी नांदतात हे सांगत नाही. ते कळू लागले 1980 नंतर. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर हबेल आणि फॉस्टर यांनी 50 हेक्टर जंगल आखून घेतले आणि बोटाएवढ्या जाडीच्या रोपापासून प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. जाती भरल्या सुमारे 300. इक्वेडोरच्या यासुनीत पुढे 25 हेक्टरातच अकराशेवर जाती निघाल्या. अख्ख्या युरोप खंडाच्या देशी वृक्षजाती 2019 च्या पाहणीत 454! मात्र उष्ण कटिबंध म्हटला की जाती उदंड, असे समजू नये. भारतीय विज्ञान संस्थेने 1988 साली तमिळनाडूत मुदुमलईला असाच 50 हेक्टरांचा तुकडा आखला. ते कोरडे, पानगळीचे रान. तिथे सत्तरेक जातीच आहेत. वडगाव आणि गगनबावडा यांच्यातला फरक असाच आहे.

कारणांचा शोध अजून चालू आहे. युरोपात हिमयुगात बर्फ उतरला आणि दक्षिणेकडे सरकू पाहणाऱ्या झाडांना पूर्व-पश्चिम पसरलेला आल्प्स आडवा आला. आपल्या सोनचाफ्याच्या कुळातली झाडे तिथून नाहीशी झाली, अमेरिकेत आणि पूर्व आशियात मात्र टिकली. दुसरे कारण जॅन्झेन यांनी 1970 साली आणि कॉनेल यांनी 1971 साली मांडले. आईच्या सावलीत पडलेल्या बीला त्याच जातीवर जगणारी कीड आणि बुरशी गाठते, दूर गेलेले बी वाचते. त्यामुळे एकाच जातीची गर्दी होत नाही, दुसरीला जागा मिळते. उबदार, दमट हवेत कीड-बुरशीला हिवाळ्याची सुट्टी नसते, म्हणून हा पहारा तिथे जास्त कडक असावा. मला हे कारण फार पटते, कारण एकाच पिकाच्या शेतात रोग कसा धावतो हे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

2015 साली जगातल्या झाडांची मोजदाद झाली, तीन लाख कोटी. त्यात उष्ण व उपोष्ण कटिबंधातल्या जंगलांचा वाटा आणि समशीतोष्ण व उत्तर ध्रुवाजवळच्या जंगलांचा एकत्र वाटा जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे खोड मोजले तर दोघे बरोबरीत, जात मोजली तर जमीन-अस्मानाचे अंतर. 2022 च्या अंदाजाने जगात वृक्षजाती 73 हजार, त्यांतल्या नऊ हजारांच्या आसपास अजून सापडायच्या आहेत.

आणि आपण काय मोजले? महाराष्ट्राच्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट 2016 साली दोन कोटी होते, मग चार, तेरा, 2019 साली तेहतीस कोटी. सगळे रोपांचे आकडे. सह्याद्रीच्या उतारावर ऑस्ट्रेलियन बाभळीची एकसुरी रांग लावली, तरी हा आकडा वाढतोच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांची पाहणी करून कितीतरी जातींचे शेवटचे आसरे दाखवून दिले होते. पुढच्या पावसाळ्यात गावात खड्डे घेतले जातील, तेव्हा रोपवाटिकेकडे पहिली मागणी किती रोपांची, याऐवजी किती जातींची, अशी जायला हवी. वारणाकाठासाठी उंबर, करंज, जांभूळ. माळासाठी बिब्बा, पळस, सावर, बेल. आणि बी देवराईतल्या झाडाखालून गोळा केलेले.