कणा वाकडा, प्रश्न सरळ

आठवी-नववीत कधीतरी कळतं की पाठीचा कणा एका बाजूला झुकलाय. मग एक्स-रे, ब्रेस, फॉलोअप आणि एक दिवस समोर येणारा प्रश्न : ऑपरेशन करायचं का? स्कोलिओसिससोबत वाढणाऱ्या मुलामुलींनी घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, याविषयी...

'पोक काढून बसू नकोस.' 'एकाच खांद्यावर सॅक अडकवतेस, म्हणून असं होतं.' 'दिवसभर मोबाइलमध्ये मान, मग पाठ कशी सरळ राहील?' ही वाक्यं ऐकली नाहीत, असा एकही कॉलेजकुमार सापडणार नाही. आपण दोन मिनिटं ताठ बसतो आणि मग जैसे थे. पण काही मुलामुली कितीही ताठ बसल्या तरी त्यांचा एक खांदा वरच राहतो. कुर्ता एका बाजूने तोकडा दिसतो. कारण गडबड सवयीत नसते, कण्यातच असते.

या स्थितीचं नाव स्कोलिओसिस. मागून बघितलं तर आपला कणा सरळ रेषेत दिसायला हवा. स्कोलिओसिसमध्ये तो इंग्रजी 'सी' किंवा 'एस'सारखा बाजूला वळतो आणि वळताना स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो. या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे येतात आणि लोक 'कुबड' म्हणून मोकळे होतात. दहा ते अठरा या वयातल्या साधारण २ ते ३ टक्के मुलांमध्ये तो आढळतो. शंभर जणांचा वर्ग असेल तर दोन-तीन जण. बहुतेकांचा बाक इतका किरकोळ असतो की त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मोठा, वाढत जाणारा बाक मात्र मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो.

दप्तराचा दोष नाही

सगळ्यात आधी घरातलं कोर्ट बंद करू या. या वयातल्या बहुतांश केसेसमध्ये नेमकं कारण सापडत नाही, म्हणून त्याला 'इडिओपॅथिक' म्हणतात. काही घराण्यांत तो जास्त दिसतो, म्हणजे अनुवंशिकतेचा हात आहे. पण जड दप्तर, वाकडं बसणं, मोबाइल किंवा कॅल्शियम कमी पडणं यामुळे हा बाक येत नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा नियम पाठदुखीसाठी चांगलाच आहे. पण दप्तर हलकं केलं म्हणून स्कोलिओसिस टळत नाही. त्यामुळे मुलीने 'माझंच चुकलं' आणि आईने 'मीच लक्ष दिलं नाही' असं म्हणत बसण्यात काहीच अर्थ नाही.

वाकून बघा

घाई करायची ती इथे. कण्याचा बाक सगळ्यात वेगाने वाढतो तो उंची झपाट्याने वाढत असते त्या एक-दोन वर्षांत. आणि नेमकं त्याच वयात मुलंमुली आईवडिलांसमोर कपडे बदलणं बंद करतात, मुली ओढणी आणि सैल टी-शर्टकडे वळतात. त्यात बहुतेक वेळा पाठ फारशी दुखतही नाही. मग बाक लक्षात कोणाच्या येतो? कधी शिंप्याच्या, कधी डान्सच्या बाईंच्या, कधी पोहायला गेल्यावर मैत्रिणीच्या.

तपासणी मात्र एका मिनिटाची आहे. पाय जुळवायचे, गुडघे ताठ, दोन्ही तळवे जोडायचे आणि कमरेतून पुढे वाकायचं. मागे बसलेल्या माणसाने नजर पाठीच्या पातळीवर आणून बघायचं, की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? याला अ‍ॅडम्स टेस्ट म्हणतात आणि विल्यम अ‍ॅडम्स या ब्रिटिश सर्जनने ती एकोणिसाव्या शतकात सांगून ठेवली आहे. उंचवटा दिसला तर थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे. त्यासोबत रात्री झोपमोड होईल इतकं दुखणं, पायांत कमजोरी किंवा लघवीवर ताबा न राहणं यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते. पण त्यासाठी आखलेल्या मूळ ३० आजारांच्या आणि व्यंगांच्या यादीत स्कोलिओसिस नाही. जन्मजात वाकडे पाय त्यात आहेत, शाळकरी वयात वाकणारा कणा नाही. म्हणजे हे बघणं सध्या तरी आपल्यावरच आहे.

अंशांची भाषा

एकदा एक्स-रे निघाला की आयुष्यात एक नवा आकडा येतो, कॉब अँगल. दहावीचे टक्के सांगावेत तसा तो सांगितला जातो. १० अंशांच्या वर असेल तर स्कोलिओसिस. साधारण २५पर्यंत फक्त लक्ष ठेवायचं, म्हणजे ठरावीक महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. २५ ते ४०-४५च्या दरम्यान असेल आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस. आणि ४५-५०च्या पुढे ऑपरेशनचा विषय निघतो.

पण हा आकडा एकटा काही सांगत नाही. वाढ किती शिल्लक आहे, हे तितकंच महत्त्वाचं. त्यासाठी डॉक्टर कमरेच्या हाडाचा एक्स-रे बघतात, मुलींना पाळी कधी सुरू झाली ते विचारतात. बारा वर्षांच्या मुलीचे ३० अंश आणि सतरा वर्षांच्या मुलीचे ३० अंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या बाबतीत बाक वाढण्याचा धोका खरा आहे, दुसरीच्या बाबतीत बहुतेक वेळा नाही.

प्लॅस्टिकच्या कवचातले दिवस

आमच्या शहाडच्या बिल्डिंगमध्ये अकरावीतली एक मुलगी राहते. मला ताई म्हणते. नाव छापायचं नाही, या अटीवर ती भरपूर बोलली. आठवीत तिला ब्रेस लागला. बगलेपासून कमरेपर्यंत कडक प्लॅस्टिकचं कवच, आत सुती बनियन, वरून दोन साइज मोठा युनिफॉर्म. ऑक्टोबर हीटमध्ये तो घालून शहाडहून सकाळची लोकल पकडायची. गर्दीत कुणी कोपर मारला तर मारणाऱ्यालाच लागायचं, हे ती हसत सांगते. वर्गात तिला 'रोबो' म्हणायचे, हे सांगताना हसत नाही.

ब्रेसचा उपयोग होतो का? २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांची वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला, ब्रेस न घातलेल्यांमध्ये ४८ टक्के मुलांचा. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्यांमध्ये यशाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे 'शाळेत नको, घरी घालते' असं म्हणणाऱ्या मुलीनेही रात्रीचे आणि संध्याकाळचे तास भरून काढले तर ते वाया जात नाहीत. पण ब्रेस बाक रोखतो, पुसत नाही. आणि वाढ संपली की त्याचं काम संपतं.

व्यायामातली श्रॉथ पद्धत हल्ली आपल्याकडेही शिकवली जाते. जर्मनीच्या काथारिना श्रॉथ यांना स्वतःला स्कोलिओसिस होता, किशोरवयात त्यांनी ब्रेस वापरला आणि त्यातूनच हे व्यायाम जन्माला आले. स्नायू आणि श्वासासाठी ते उपयोगी आहेत, पण मोठ्या बाकात ब्रेसची जागा घेऊ शकत नाहीत. ऑनलाइन मिळणारे 'पोश्चर करेक्टर' पट्टे किंवा 'एका दाबात सरळ करतो' म्हणणारा हाडवैद्य यांच्यावर ब्रेसचे महत्त्वाचे महिने घालवणं सगळ्यात महाग पडतं.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीचा बाक ब्रेस घालूनही वाढला. आता तो ५१ अंश आहे. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी सहा महिने थांबून पुन्हा एक्स-रे काढू म्हटलं. घरात तेव्हापासून दुसरा विषय नाही.

भागवतात कृष्णाने कुब्जेची हनुवटी वर उचलून तिला क्षणात सरळ केल्याची गोष्ट आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये हे काम चार-सहा तास चालतं. पाठीवर मधोमध छेद घेऊन बाकातल्या मणक्यांमध्ये स्क्रू बसवतात, ते दोन धातूच्या दांड्यांना जोडतात आणि कणा जमेल तितका सरळ आणतात. मग मणक्यांवर हाडाचे बारीक तुकडे पसरतात. पुढच्या काही महिन्यांत तेवढे मणके एकमेकांना जुळून एकसंध हाड होतं. याला फ्यूजन म्हणतात. जुळलेला भाग पुन्हा कधीच वाकत नाही. वाकण्याचं काम वरचे-खालचे मोकळे मणके आणि खुबे करतात.

सगळ्यात मोठी भीती असते अर्धांगवायूची. मज्जारज्जूचे संदेश ऑपरेशनभर यंत्रावर तपासले जातात, काही बिघडतंय असं दिसलं तर सर्जन लगेच थांबून दुरुस्ती करू शकतात. या वयातल्या नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. शून्य नाही. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, पुन्हा ऑपरेशन लागणं हेही काहींच्या वाट्याला येतं. सगळं सुरळीत झालं तर आठवड्याभरात घरी, महिना-दीड महिन्यात हळूहळू कॉलेज आणि सहा महिने ते वर्षभरात बहुतेक खेळ.

आणि थांबलं तर?

हा प्रश्न विचारायला अनेक घरं घाबरतात. उत्तर तितकं भीतीदायक नाही. अमेरिकेतल्या आयोवामध्ये, उपचार न घेतलेल्या ११७ जणांचं ५० वर्षांनंतर काय झालं, याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक जण इतरांसारखंच काम करत, संसार करत जगले होते. पाठदुखी मात्र जास्त होती, दिसण्याची खंत होती आणि छातीच्या भागात ८० अंशांच्या वर बाक असलेल्यांना दम लागण्याचं प्रमाण जास्त होतं.

दुसरी बाजू अशी, की छातीच्या भागातला ५० अंशांच्या वरचा बाक वाढ संपल्यावरही सरासरी वर्षाला एक अंश सरकत राहतो. सतराव्या वर्षी ५१ म्हणजे चाळिशीत सत्तरच्या पुढे, हे सरासरीचं गणित. चाळिशीत ऑपरेशन करता येतं, पण तेव्हा कणा कडक झालेला असतो आणि सावरायला वेळ लागतो. थोडक्यात, हे ऑपरेशन आजच्या त्रासापेक्षा उद्याच्या बाकासाठी असतं.

हृतिक रोशनने मुलाखतींत सांगितलंय, की एकविसाव्या वर्षी त्याला स्कोलिओसिसचं निदान झालं आणि नाचणं विसर, असा सल्ला मिळाला. २००० मध्ये 'कहो ना... प्यार है' आला, पुढचं आपण बघितलंच. ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांचं बाराव्या वर्षी ऑपरेशन झालं. २०१८ मध्ये लग्नात त्यांनी मुद्दाम मागून खोल गळ्याचा ड्रेस शिवून घेतला, पाठीवरचा व्रण जगाला दिसावा म्हणून. एकाचं उदाहरण देऊन 'ऑपरेशन नकोच' आणि दुसरीचं देऊन 'करूनच टाक' म्हणणं सोपं आहे. पण त्यांचे अंश तुमचे नाहीत.

सही आईबाबांची, पाठ कुणाची?

अठरा वर्षांखाली संमतीपत्रावर सही पालकांची लागते. त्यामुळे बऱ्याच केबिन्समध्ये सगळं बोलणं आईबाबा आणि डॉक्टर यांच्यातच होतं, पेशंट बाजूच्या खुर्चीत मोबाइल बघत बसतो. घरी आल्यावर आजीची चिंता 'लग्न कसं जमणार' ही, बाबांची पैशांची, आईची भूल आणि रक्ताची. आमच्या या मुलीची चिंता वेगळीच होती. ती ढोल-ताशा पथकात आहे. पाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर कमरेला ढोल बांधून वाजवता येईल का, हे तिला विचारायचं होतं. तीन भेटींत ते विचारायचं राहून गेलं, कारण तिला कुणी बोलूच दिलं नाही. चौथ्या वेळी तिने विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून कुठपर्यंतचे मणके जोडले जातील ते दाखवलं, वर्षभर ढोल बंद, नंतर बघून ठरवू, ताशा त्याआधी, असं सांगितलं. ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. पण आता फाइल ती स्वतः सांभाळते.

५० अंशांच्या आसपासचं हे ऑपरेशन सहसा इमर्जन्सी नसतं. नोव्हेंबरात सांगितलं तर बारावी आणि सीईटी आटोपून मे महिन्यात करता येईल का, हे विचारता येतं. दुसऱ्या सर्जनचं मत घेता येतं. ज्याचं ऑपरेशन झालंय अशा मुला-मुलीशी बोलता येतं. आरशासमोर रडू येत असेल तर समुपदेशकाकडे जाता येतं. त्यासाठी ऑपरेशनची वाट बघायची गरज नाही.

पैशांचं काय?

खाजगी रुग्णालयात बिल लाखांत जातं. पण रस्ते आहेत. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय इथे अस्थिरोग विभाग आहेत, लहान मुलांसाठी परळचंच वाडिया आहे. ब्रेससारख्या साधनांसाठी हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन कुठे आणि कसं बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला विचारा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधीच तयार ठेवा.

डॉक्टरांना हे विचारा

- माझा बाक किती अंश आहे आणि मागच्या वेळेपेक्षा किती वाढला?
- माझी वाढ किती शिल्लक आहे?
- आत्ता केलं, सहा महिन्यांनी केलं किंवा केलंच नाही, तर काय फरक पडेल?
- कुठून कुठपर्यंतचे मणके जोडणार? त्यानंतर काय करता येणार नाही?
- तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता? मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे का?
- परीक्षा, खेळ, नाच यांचं वेळापत्रक कसं बसवायचं?

हे प्रश्न वहीत लिहून न्या आणि स्वतः विचारा. आणि घरात दहा ते पंधरा वयाचं भावंडं असेल तर आज रात्री जेवणाआधी त्याला एकदा वाकायला सांगा. एक मिनिट लागेल.