विश्लेषण : मेकॅनिकल कीबोर्डचा लेआउट बदलला आणि एक कळ बंद पडली… दुरुस्ती कशी करायची?

मेकॅनिकल कीबोर्ड घेणारे अनेक हौशी तो आहे तसा ठेवत नाहीत. कोणी कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणतो, कोणी क्वर्टी सोडून ड्वोरॅक मांडणी लावतो, तर कोणी लांब बॅकस्पेस काढून तिथे दोन छोट्या कळा बसवतो. सगळे पुन्हा जोडल्यावर लक्षात येते, की एक कळ कितीही दाबली तरी अक्षर उमटत नाही. लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायची गरज नसते. बिघाड कुठे आहे ते आधी शोधले, तर बऱ्याचदा काम चिमट्यावर भागते.

कळ खरोखर बंद आहे का?

अनेकदा नसते. कळ दाबल्यावर कीबोर्डमधली चिप फक्त ‘अमुक जागेवरचे बटण दाबले गेले’ एवढेच ओळखते. त्या जागेचा अर्थ काय, हे चिपमधले फर्मवेअर ठरवते. बॅकस्पेसचे दोन तुकडे केले, पण नव्या जागेला फर्मवेअरमध्ये काहीच नेमून दिले नाही, तर स्विच ठणठणीत असूनही कळ गप्प राहते. ‘क्यूएमके’ फर्मवेअरमध्ये अशा रिकाम्या जागेला ‘केसी_एनओ’ म्हणतात. ‘व्हाया’ हे अॅप चालणारा कीबोर्ड असेल, तर त्यातील ‘टेस्ट मॅट्रिक्स’ ही चाचणी आधी करावी. तिथे कळ दाबल्यावर चौकोन उजळला, तर हार्डवेअर शाबूत आहे आणि चूक नेमणुकीत आहे.

आणखी एक गंमत. संगणकात ‘यूएस-इंटरनॅशनल’ मांडणी निवडली गेली असेल, तर अवतरणचिन्हाची कळ दाबल्यावर लगेच काही दिसत नाही. ती पुढच्या अक्षराची वाट पाहते. अशा कळेला संगणकाच्या भाषेत ‘डेड की’ असेच नाव आहे. ती दुरुस्त करायला कीबोर्ड उघडणारे लोकही आहेत!

मग पहिला संशय कोणावर?

स्विचच्या पायांवर. हॉट-स्वॅप कीबोर्डमध्ये स्विच सोल्डर केलेला नसतो, सॉकेटमध्ये नुसता खोचलेला असतो. कीकॅप ओढून काढताना स्विचही किंचित वर येतो आणि संपर्क तुटतो. किंवा स्विच पुन्हा बसवताना त्याच्या दोन नाजूक तांब्याच्या पायांपैकी एक सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडतो. वरून सगळे नीट बसल्यासारखे दिसते, म्हणून हा दोष सहज निसटतो. स्विच बाहेर काढा, पाय चिमट्याने हळूच सरळ करा आणि सॉकेटच्या मागे बोटाचा आधार देऊन सरळ दाबा. हा आधार महत्त्वाचा आहे. तो नसेल, तर जोर लागून सॉकेटच सर्किट बोर्डवरून उचकटते आणि दोन मिनिटांचे काम दोन तासांचे होते.

तरीही अक्षर येत नसेल तर शेजारचा चालू स्विच तिथे लावून पाहा. दुसरा मार्ग चिमट्याचा. कीबोर्ड यूएसबीला जोडलेला ठेवून, स्विच काढलेल्या जागेतले दोन्ही संपर्क धातूच्या चिमट्याने क्षणभर जोडा. यूएसबीचा दाब जेमतेम ५ व्होल्ट असल्याने शॉक बसत नाही. अक्षर उमटले तर दोष स्विचचा. नाही उमटले तर तो सॉकेट, डायोड किंवा बोर्डवरच्या तांब्याच्या रेषेत आहे.

एकच कळ बंद आहे की अख्खी ओळ?

शंभरेक कळांना शंभर वेगळ्या तारा दिल्या, तर चिपला तेवढे पाय लागतील. म्हणून कळा आडव्या-उभ्या जाळीत बसवतात. ६ आडव्या आणि १८ उभ्या रेषा घेतल्या, तर २४ जोडण्यांत १०८ कळा सामावतात. चिप या रेषा सेकंदाला शेकडो वेळा तपासते. एकाच आडव्या किंवा उभ्या रेषेवरच्या अनेक कळा मेल्या, तर ती रेषा कुठेतरी तुटली आहे. एकच मेली, तर शोध त्या कळेभोवतीच.

प्रत्येक कळेजवळ बहुधा एक छोटा डायोड असतो. ‘१एन४१४८’ हा त्यातला नेहमीचा. प्रवाह उलट फिरून भलतीच कळ दाबल्याचा भास होऊ नये, म्हणून तो लागतो. मल्टिमीटरच्या डायोड चाचणीत तो एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून काहीच न दाखवणारा डायोड बदलावा. नवा लावताना पट्टीची बाजू शेजारच्या डायोडसारखीच ठेवावी, नाहीतर कळ पुन्हा मुकीच.

सोल्डरिंग कधी करावे?

सॉकेट उचकटले असेल किंवा मूळ स्विच सोल्डर केलेले असतील, तेव्हाच. आधी यूएसबी काढा. वायरलेस कीबोर्ड असेल तर बॅटरीही. आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवावे आणि टेकवून दोन-तीन सेकंदांत उचलावे. जास्त वेळ टेकवल्यास तांब्याची चकती बोर्डवरून सुटते. ती सुटलीच, तर त्याच रेषेवरच्या शेजारच्या कळेच्या टाक्यापासून बारीक इन्सुलेटेड वायर ओढून जोड देता येतो. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. मात्र, वॉरंटी शिल्लक असेल तर या टप्प्याआधी तिच्या अटी वाचाव्यात.

मराठी मांडणीसाठी कीबोर्ड उघडावा लागतो का?

अजिबात नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ‘के’च्या कळेवर ‘क’ आणि ‘डी’वर हलन्त येतो, तो बदल संगणकाची कार्यप्रणाली करते. कीबोर्ड पूर्वीचाच संकेत पाठवत राहतो. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडून कीकॅपवर देवनागरी स्टिकर चिकटवले, की झाले.