ठमी, वय वर्षे तेरा

आषाढाचा पाऊस पत्र्यावर असा कोसळतोय की समोरच्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. पुण्याबाहेर, भूगावच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत असलेल्या या मांजरांच्या शेल्टरच्या पडवीत एक आजोबा उभे आहेत. हातात भाजीचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट, एक उपडा दुसऱ्यावर घालून सुतळीनं करकचून बांधलेले. आत काहीतरी राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचं आहे. आवाज मात्र नाही. घाबरलेलं मांजर ओरडतं असं आपल्याला वाटतं. फार घाबरलेलं मांजर गप्प बसतं.

"ठमी नाव," आजोबा सांगतात. "तेरा पूर्ण. दिवाळीत चौदा होतील."

शेल्टर चालवणाऱ्या ताई क्रेट हेलकावा बसू न देता टेबलावर ठेवतात, वरून टॉवेल टाकतात आणि त्याकडे पाठ करून बसतात. आजोबांना खुर्ची मिळते, चहा मिळतो. मग फॉर्म. नाव-पत्ता दोन मिनिटांत उरकतं. खरी चौकशी पुढे आहे. झोपते कुठे? मांडीवर बसते का, कुणाच्या? मातीत जाते की लिटरमध्ये? घरात लहान मुलं होती? कुत्रा पाहिलाय? आजोबा आधी हो-नाही एवढंच बोलतात. मग शर्टाच्या खिशातून एक कागद काढतात. बँकेच्या जुन्या स्लिपच्या मागे बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं आहे : दूध देऊ नये, आवडते पण सोसत नाही. बांगडा उकडून, बिनमिठाचा. कुकरच्या शिट्टीला घाबरते. सौ. गेल्यापासून माझ्या पायाशी झोपते.

'सोडण्याचे कारण' या रकान्यात ताई लिहितात : स्थलांतर. मुलगा मेलबर्नला असतो, आजोबा आता त्याच्याकडे कायमचे चाललेत. मांजर नेण्याची चौकशी त्यांनी केलेली आहे, तीही बँकेत नोकरी केलेल्या माणसाच्या चिकाटीनं. ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही. आधी यादीतल्या एखाद्या तिसऱ्या देशात तिला न्यायचं, रेबीजच्या रक्ततपासणीसकट सगळे सोपस्कार करायचे, तिथून पुढे पाठवायचं, आणि पोचल्यावर पुन्हा मेलबर्नजवळच्याच मिकलहॅमला सरकारी क्वारंटाइन. "तिला झेपलं नसतं," आजोबा म्हणतात. स्वतःला झेपलं असतं की नाही, ते बोलत नाहीत.

मला खरं तर चीड यायला हवी. तेरा वर्षं सांभाळलेलं मांजर आणून सोडणाऱ्या माणसाला चार शब्द सुनवावेत असं बाहेरच्या पुष्कळांना वाटतं, आणि फोनवर लोक ते सुनावतातही. ताई कधीच सुनावत नाहीत. त्यांचा हिशोब साधा आहे : इथे बोलणी खावी लागतात असं पसरलं, की पुढचा माणूस रात्री मांजर मासळी बाजाराच्या मागे सोडून निघून जातो. घरात वाढलेलं म्हातारं मांजर तिथे आठवडाभरही तगत नाही.

आजोबांनी पिशवीतून एक गोधडी आणलीय. जुन्या नऊवारीची, केसांनी भरलेली, वासाची. सफाईला असलेल्या मावशी ती लगेच उचलतात. "धुऊन टाकते."

"मावशी, नको!" ताई ओरडतातच. "तिच्या घराचं तेवढंच उरलंय."

पहिले दोन आठवडे नव्या मांजराला वेगळ्या खोलीत राहावं लागतं. इथे त्या खोलीला 'आयसो' म्हणतात. लसीकरण झालेलं असलं तरी, वरून ठणठणीत दिसलं तरी. कारण मांजरांची सर्दी इतरांना लागते, आणि जुनी, अंगात दडून बसलेली सर्दी नुसत्या धसक्यानंही उसळून वर येते. ठमीचा पिंजरा वरच्या रांगेत आहे. मांजराला उंचावरून खाली बघणं बरं वाटतं. एका टोकाला लिटरचा ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी. मध्ये पुठ्ठ्याचं खोकं, त्यात गोधडी. हे खोकं काही लाड म्हणून नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी शेल्टरमधल्या मांजरांवर याचाच प्रयोग केला होता, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना लपायला खोकं मिळालं, त्यांचा ताण पहिल्या दिवसांत लवकर उतरला.

ठमी मात्र खोक्याकडे बघतही नाही. ती थेट ट्रेमध्ये जाऊन बसते, लिटरवरच. कान आडवे, डोळ्यांत बुबुळंच बुबुळं. "बिचारी गं," एक नवी मुलगी म्हणते आणि हात पुढे करते. ताई तिचं मनगट धरतात. "बिचारी म्हणायचं नाही आणि हात लावायचा नाही. दोन्ही तिला कळतं." पहिलं कसं कळणार, असं त्या मुलीच्या तोंडावर दिसतं, पण ती हात मागे घेते.

माझं काम वहीचं. खाणं, पाणी, शी, शू असे रकाने. वाटी आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, फरक लिहायचा. ठमीच्या ओळीत खाण्यापुढे शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्य, शू एकदा.

इथून पुढची घाई वेगळीच आहे. कुत्रं दोन-तीन दिवस जेवलं नाही तर निभावून नेतं. मांजराचं तसं नसतं. उपास पडला की अंगातली चरबी भराभरा यकृताकडे धावते, तिथेच साचते, आणि कावीळ होते. जाड मांजराला तर जास्तच लवकर. म्हणून पहिल्या छत्तीस तासांनंतर ताईंचं अर्धं लक्ष घड्याळात असतं. महागडं कॅन फूड उघडून झालं. चिकन झालं. आता मावशींनी गॅसवर बांगडा ठेवलाय, बिनमिठाचा, आणि अख्ख्या शेल्टरात वास दरवळतोय. बाकीची मांजरं जाळीला लटकलीत. ठमीचं नाक हलतं, एवढंच. ताई काटे काढून मासा कुस्करतात, कोमट पाणी घालतात, बोट बुडवून बघतात. अंगाइतका कोमट पाहिजे, अडतीस अंशांच्या आसपास; फ्रिजमधून काढलेल्या अन्नाला वास नसतो, आणि म्हाताऱ्या मांजराला आधीच वास कमी येतो. वाटी ठेवून त्या पुढ्यातला टॉवेल ओढतात, दिवा घालवतात. आम्ही सगळे बाहेर.

संध्याकाळी वाटी काट्यावर ठेवते. अठरा ग्रॅम कमी. मावशी विचारतात, "एवढंच?" आणि तरी हसतात.

पुढे कित्येक दुपारी मी पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून असते, मोबाइल बघत, कधी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. तिच्याकडे बघायचं नाही हा नियम. टक लावून बघणं मांजरांच्या जगात भांडणाचं आमंत्रण. फार तर एकदा बघायचं, डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठानं २०२० मध्ये हे तपासलं होतं : असे डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी असला तरी त्याच्याजवळ जायला अधिक तयार होतात. अग्रलेखाच्या मध्यावर ठमी मला ते उत्तर देते. मी पुढचा परिच्छेद वाचते. उठून कुणाला सांगायला जायचं नसतं, स्टूल वाजतं.

डॉक्टरीणबाई तपासायला येतात तोवर ती खोक्यात राहायला गेलेली आहे. त्या तिला खोक्यासकट उचलतात, टेबलावर खोक्यातच तपासतात. वजन तीन किलो शंभर. मागची एक दाढ खराब, हिरडी लाल. गुडघे कडक, म्हणूनच उंच ट्रेच्या कडेवरून पाय टाकताना थबकते. मावशी लगेच कपडे भिजवायचं एक जुनं प्लॅस्टिकचं घमेलं आणून त्याची एक बाजू करवतीनं खाली कापतात, कडा मेणबत्तीवर फिरवून बोथट करतात. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. क्रिएटिनिन २.४.

"किडनी," डॉक्टरीणबाई म्हणतात. "दुसरी स्टेज. घाबरण्यासारखं नाही, पण लपवण्यासारखंही नाही. ओलं खाणं, पाणी जागोजागी, किडनीचं फूड हळूहळू सुरू करा, तीन महिन्यांनी परत रक्त. आणि कुणी दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन दिली तर मला फोन करण्यापुरताही वेळ मिळणार नाही. हे घेणाऱ्याला लिहूनच द्या."

घेणारा कोण, हा प्रश्न श्रावण लागला तरी तसाच. रविवारी लोक येतात. पिल्लांच्या खोलीत गर्दी, मोठ्यांच्या खोलीतून माणसं चालता चालता जातात. पर्शियन आहे का? पांढरं आहे का? ठमीपाशी थांबणारे वय वाचतात आणि पुढे सरकतात. कुणी म्हणतं, लळा लागला आणि गेली तर? मला या प्रश्नाचा राग येतो, पण प्रश्न खोटा नाही.

नव्या मुलीनं इन्स्टाग्रामसाठी मजकूर लिहून आणलाय. सुरुवात : या बिचाऱ्या आजीला कुणी घर देईल का? ताई पेन घेऊन पहिली ओळ आडवी छाटतात. "दया आली की लोक लाइक करतात. घरी नेत नाहीत." खाली त्या स्वतः लिहितात : ठमी, तेरा वर्षं, मादी, ऑपरेशन झालेलं. पडदे ओरबाडत नाही, रात्री धुडगूस घालत नाही. ट्रे सोडून कुठे घाण करत नाही. किडनीचा आजार सुरुवातीचा, खर्च महिन्याला साधारण किती ते फोनवर सांगू. बांगडा आवडतो. कुकरची शिट्टी आवडत नाही. फोटोही बदलतात, पिंजऱ्यातला नको, ऑफिसातल्या खिडकीतला, जिथे ती आता रोज तासभर उन्हाची वाट बघत बसते.

फोन फारसे येत नाहीत. आलेल्यांतला एक जण बायकोला सोबत घेऊन प्रत्यक्ष येतो. दोघंही साठीच्या पुढचे, नारायण पेठेत राहतात. त्यांचा बोका मागच्या वर्षी गेला, सतराव्या वर्षी, किडनीनंच. काकूंना सलाइन कातडीखाली द्यायचं येतं, मानेमागची कातडी तंबूसारखी उचलून सुई कशी घालायची ते त्या हातानंच हवेत करून दाखवतात. क्रिएटिनिनचा आकडा ऐकून त्या फक्त विचारतात, "फॉस्फरस किती?" डॉक्टरीणबाई फोनवर आहेत, त्या आकडा सांगतात आणि पलीकडून हसल्याचं ऐकू येतं.

तरी ताई सोडत नाहीत. खिडक्यांना जाळ्या आहेत का, गॅलरीला? फोटो नको, मी घरी येऊन बघेन. आणि तुम्हाला काही झालं तर हिचं कोण करणार? काका जरा चमकतात. काकू भाचीचं नाव आणि नंबर लिहून देतात, भाचीला तिथल्या तिथे फोनही लावतात.

ठमी या सगळ्यात टेबलाखाली बसलेली. काका वाकून हाक मारतात, ती आणखी आत सरकते. काकू मात्र जमिनीवर बसून पर्समधल्या बिलांची जुळवाजुळव करत राहतात. बऱ्याच वेळानं ठमी येते, त्यांच्या चपलांना गाल घासते, पर्सचा पट्टा हुंगते.

"मग आजच नेतो," काका उभे राहत म्हणतात. "टोपली आणलीय गाडीत."

"गणपती कधी आहेत?" ताई विचारतात.

"पुढच्या आठवड्यात. का?"

"नारायण पेठ ना? ढोल कुठून जातात?"

काका गप्प होतात. विसर्जनाची मिरवणूक घरापासून दोन गल्ल्यांवरून जाते, चोवीस तासांच्या वर चालते, आणि त्याआधी आठवडाभर सराव, आरत्या, पाहुणे. कुकरच्या शिट्टीला पळणाऱ्या मांजराला नव्या घरात नेऊन त्यात टाकायचं, हे काकूंनाही पटत नाही. "अनंत चतुर्दशी होऊ दे," त्याच म्हणतात. "दोन दिवसांनी नेऊ. तोवर मी येत जाईन दुपारी, बसायला."

"गोधडी तिच्याबरोबर येईल," ताई सांगतात. "धुवायची नाही. पहिले काही दिवस एकच खोली, घर दाखवायची घाई नको. फूड आम्ही देऊ तेच द्या, बदल नंतर."

"मीही येतो ना हिच्याबरोबर," काका म्हणतात. "मला कधी ओळखायला लागेल?"

ताई त्यांच्याकडे बघतात, शर्टाच्या कॉलरपर्यंत वाकून वास घेतात.

"जेवणाच्या वेळेला या, एक वाजता. वाटी तुम्हीच ठेवायची. आणि हे अत्तर लावून येऊ नका."