बॉनेटखालचा काळा थर

अब्बांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० आजही आमच्या दारात उभी असते. शाळेला जायला, बाजारहाटाला, अम्मीला डॉक्टरांकडे न्यायला तीच. बाहेरून ती नियमित धुतली जाते. बॉनेट मात्र पाणी आणि ऑईल बघण्यापुरतंच उघडायचं. पंधरा वर्षं उलटली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती वेळ जवळ आली, तेव्हा माझ्या भावाने एक गिऱ्हाईक पाठवलं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट आम्हाला दाखवत म्हणाला, "इंजिन गेलंय, मॅडम. गाडी ऑईल खातेय. भंगाराचा भाव देतो."

अम्मी काही बोलली नाही. उठून आत गेली.

गिऱ्हाईकाचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. डिपस्टिकवर ऑईल दर महिन्याला थोडं खाली जात होतं, हे खरं होतं. पण ऑईल कमी होण्याच्या दोन वाटा असतात. एक, ते आत जळतं. मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि दुरुस्ती मोठी निघते. दुसरी, ते बाहेर गळतं. मग बहुतेक वेळा एखादं पॅकिंग किंवा सील बदलून काम भागतं. आमच्या गाडीचा धूर निळा नव्हता. म्हणजे गळत असावं. पण कुठून? वीस-पंचवीस वर्षांची धूळ त्या ऑईलवर बसून असा थर झाला होता की सगळं इंजिन एकाच रंगाचं दिसत होतं. आधी तो थर काढल्याशिवाय काहीच कळणार नव्हतं.

इंजिन धुऊन घेण्याचा अनुभव एकदा घेतला होता आणि तो चांगला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका सर्व्हिसिंगवाल्याने हवेच्या दाबाने डिझेल फवारलं आणि वर पाण्याचा जोरदार फवारा मारला. इंजिन चकचकीत दिसलं. घरी येताना चढणीवर गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. मागच्या सीटवर अम्मी, वरून पाऊस. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी शिरलं होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगांना ठिणगी तिथूनच वाटली जाते. टोपीत ओल असली की ती भलतीकडेच जाते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली, तेव्हा गाडी सुरू झाली. आणि डिझेलचा तवंग राहिल्यामुळे आठवडाभरात धूळ पहिल्यापेक्षा जास्त चिकटली, ते वेगळंच.

या वेळी मात्र रविवारची सकाळ धरली आणि शेजारच्या मेकॅनिक चाचांना विचारून काम हाताने केलं.

इंजिन थंड असताना सुरुवात करायची. फार तर हात टेकवता येईल इतकं कोमट चालेल. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. ते पहिल्यांदा काढायचं आणि सगळ्यात शेवटी लावायचं. डिस्ट्रिब्युटर, इग्निशन कॉइल, अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून रबरबँडने घट्ट बांधायचं. ऑईलचं आणि ब्रेक ऑईलचं झाकण नीट बसलंय ना, डिपस्टिक पूर्ण आत आहे ना, हेही बघायचं.

पाण्याला हात लावण्याआधी कोरडी सफाई. माझा निम्मा वेळ इथेच गेला. काचेच्या खालच्या पन्हळीत आंब्याची पानं कुजून बसली होती. तिथली भोकं तुंबली की पावसाचं पाणी गाडीत पायाशी उतरतं. दर पावसाळ्यात पायपुसणी का भिजतात, हे कोडं सुटलं! बॅटरीमागे चिंध्या आणि गवत यांचं उंदराचं घरटं निघालं. शेजारच्या वायरवर दातांचे ठसे होते, आतली तार मात्र शाबूत होती. तार उघडी पडली असेल तर तिथे ओलं काम करूच नका, आधी वायर दुरुस्त करून घ्या. ऑईलचा थर, वाळकं गवत आणि ठिणगी, एवढ्यावर गाडी पेट घेऊ शकते.

याच कारणासाठी पेट्रोलने इंजिन कधीही पुसू नये. रॉकेलही टाळावं. दोन्ही पेट घेतात आणि रबराचे पाइप, बेल्ट फुगवून खराब करतात. बाजारात पाण्यात मिसळणारं डिग्रीजर मिळतं, ते घ्यावं. थर फार नसेल तर भांडी घासायचं लिक्विड गरम पाण्यात घालूनही काम होतं. मी डिग्रीजर खालून वर फवारलं, दहा मिनिटं ठेवलं, वाळू दिलं नाही. मग रंगाचा जुना ब्रश आणि सांदीकोपऱ्यांसाठी टूथब्रश. हातात रबरी मोजे हवेतच. फॅन बेल्टवर यातलं काही उडू देऊ नका, तो घसरायला लागतो.

धुवायला नळी वापरली नाही. मगाने थोडं थोडं पाणी, आणि जिथे वायरी आहेत तिथे नुसतं पिळलेलं फडकं. आमच्या अंगणात विहीर आहे, म्हणून गाडी तिच्यापासून लांब नेली होती आणि खाली लाकडाचा भुसा पसरला होता. काळं पाणी त्यात जिरलं. तो भुसा आणि तेलकट चिंध्या चुलीत घालायचा मोह आवरा. बांधून वेगळ्या ठेवा आणि गॅरेजवाल्याच्या खराब ऑईलबरोबर देऊन टाका.

पिशव्या काढून, सगळं पुसून बॉनेट दोन तास उन्हात उघडं ठेवलं. बॅटरी जोडली. दुसऱ्या चावीला गाडी सुरू झाली. पंधरा मिनिटं तशीच चालू ठेवली. आता इंजिन इंजिनासारखं दिसत होतं. अब्बांनी कधीतरी एका पाइपाला बांधलेला तांब्याच्या तारेचा फेराही दिसला. तो तसाच ठेवला.

चार दिवस गाडी चालवली आणि पुन्हा बॉनेट उघडलं. स्वच्छ पत्र्यावर एकच ओली, तपकिरी रेघ होती. टॅपेट कव्हरच्या कडेने उतरून ती थेट गरम मॅनिफोल्डकडे जात होती. चढणीवर येणारा जळका वास त्याचाच. चाचांनी कव्हर खोललं. आतलं रबरी पॅकिंग लाकडासारखं कडक झालं होतं, बोटाने दाबताच तुटलं. नवं बसवायला तासही लागला नाही आणि मजुरी धरून जो खर्च आला, तो आमच्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा कमी होता.

त्या रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून ठेवली. गळतीचा हा सोपा तपास आहे. तपकिरी किंवा काळा डाग ऑईलचा, हिरवट पाणी रेडिएटरचं. चाकाजवळ पातळ, तेलकट डाग दिसला तर ब्रेक ऑईल समजावं आणि दुरुस्तीआधी गाडी हलवू नये.

सकाळी अम्मी माझ्याआधी उठून कागद बघून आली होती. इंजिनाखाली काही नव्हतं. गिअर बॉक्सच्या बाजूला रुपयाएवढा एक डाग होता. चाचा म्हणाले, "ते सील आहे. घाई नाही, पुढच्या महिन्यात करू." भावाला मी फोन करून सांगितलं की गिऱ्हाईक परत पाठवू नकोस, नोंदणीचे कागद पाठव.